केरबा हवालदाराचे उडालेले छप्पर

वैशाखातल्या त्या वादळाने गावातली पाच-सहा झाडे पाडली, दोन कडब्याच्या गंजी उधळल्या आणि छप्पर मात्र एकच नेले. ते केरबा हवालदाराचे. भिंती तेवढ्या जागेवर राहिल्या. त्या केरबाच्या वडिलांनी बांधल्या होत्या.

लढाई संपल्यावर, सेहेचाळीसच्या सुरुवातीला, केरबा पूल-रस्ते बांधणाऱ्या सफरमैना पलटणीतून कऱ्हाडजवळच्या आपल्या गावी परतला, तो वर्दी, शिट्टी आणि मिशा घेऊन. इटलीतल्या नद्यांवर आपण पूल कसे टाकले आणि त्यांवरून रणगाडे कसे गेले, हे त्याने पारावर इतक्या वेळा सांगितले की ऐकणाऱ्यांना त्या नद्यांचे उतारसुद्धा पाठ झाले. एवढे पूल टाकणाऱ्याने पाचटाच्या छपराखाली झोपायचे म्हणजे काय? त्याने घरावरचे पाचट उतरवले, लष्कराच्या मोडीतले पत्रे आणले आणि आपल्या हाताने ठोकले.

गावात पत्रे होते ते फक्त पाटलांच्या गोठ्यावर. बनुबाई नवऱ्याला म्हणाली, "आवं, त्या गोठ्यावर बघा, दगुड ठेवल्यात. आपल्या बी पत्र्यावर चार ठेवा."

"तो गुरांचा गोठा हाय," केरबा म्हणाला. "ज्यानं रणगाडं पार नेलं त्याच्या घरावर धोंडं? लोक हसतील!"

लोक त्या वेळी हसले नाहीत. हसू त्यांनी वैशाखापर्यंत जपून ठेवले.

वादळ आले तेव्हा केरबा चहाची बशी तोंडाला लावून बसला होता. वर खडखड झाली आणि बशीत आभाळ दिसले.

दुसऱ्या दिवशी निरोपांवर निरोप आले. एक पत्रा आंब्यात अडकला होता, एक कृष्णेच्या वाळूत उभा रोवला गेला होता. धुळा धनगर तर दारात येऊनच म्हणाला, "हवालदार, तुमचं माजघर माझ्या वाड्यावर आलंय. मेंढरं सावलीला बसल्यात त्याच्याखाली. कवा नेताय?"

बनुबाई काही बोलली नाही. तिने चूल उचलून शेरडांच्या खोपटात नेली. जर्मन तोफांना भ्यायला नसेल एवढा केरबा त्या न बोलण्याला भ्यायला.

कारण लेकीचे, शालूचे, पहिले बाळंतपण होते आणि ते माहेरी व्हायचे होते. जतकडचे व्याही नानासो यांचा निरोप आला: सुनेला आठ दिवसांनी गाडीतून आणतो, पण वादळाची बातमी कळली आहे, डोक्यावर छप्पर दिसले तर ठेवतो, नाहीतर तशीच माघारी नेतो. बनुबाईने संक्रांतीपासून लुगड्यांची दुपटी शिवून ठेवली होती. ती आता शेरडांच्या खोपटात टांगलेली होती.

केरबाने दोन दिवस एकट्याने झटून एक पत्रा चढवला. तिसऱ्या दिवशी तो पत्रा केरबाला घेऊन उतरला. आता इर्जिकीशिवाय गत्यंतर नव्हते. इर्जिक म्हणजे घरधन्याने हाक द्यायची, गावाने येऊन काम उरकायचे. मजुरी नाही, पोटभर जेवण. फक्त ही हाक दारोदार स्वतः जाऊन द्यायची असते. केरबाने काय केले? पारावर उभे राहून शिट्टी फुंकली. आणि "फॉलीन!", म्हणजे रांग धरा, म्हणून ओरडला.

तीन कुत्री आली. त्यांतले एक रांगेत बसले.

त्या कुत्र्याकडे बघता बघता केरबाला स्वतःचेच हसू आले. पलटणीतली सहा वर्षे धरून आपल्या हुकमावरून रांगेत बसलेला हा पहिलाच जीव! शिट्टी खिशात घालून तो गावातल्या म्हाताऱ्या सुताराच्या, तात्याबाच्या, दारात गेला. फेटा काढून हातात घेतला.

"तात्याबा, इर्जिकीला या. आन् एक सांगतो. म्या पूल कवा बांधलाच न्हाई. मी स्टोरचा हवालदार. तंबूत बसून खिळं वाटायचो."

तात्याबाने रंधा थांबवलासुद्धा नाही. "ठावं हाय की."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या पत्र्यांनीच. पन्हळीचा उंचवटा सोडून समदं खिळं खळग्यात ठोकल्यास. वारं आलं न्हाई तरी पावसाळ्यात पवायलाच लागलं असतं तुला. खिळं वाटलंस, पर गड्या, ठोकताना कुणाकडं बघितलं न्हाईस व्हय?"

"बघितलं असतं, पर मी मोजत हुतो!"

दोघेही हसत सुटले. मग केरबा घरोघर फिरला आणि प्रत्येक दारात खिळ्यांचा आणि कुत्र्याचा किस्सा सांगत गेला. सातव्या दारापर्यंत किस्सा इतका रंगला की त्यात कुत्र्याने केरबाला सलामही ठोकला होता.

इर्जिकीला सगळे गाव आले. वाटेवर कुठे कुठे पडलेला एकेक पत्रा डोक्यावर घेऊन आले आणि प्रत्येकाने काखेत एकेक धोंडा आणला. तात्याबा आढ्यावर बसून खिळे ठोकी. केरबा खाली उभा राहून खिळे देई.

"मोजून दे रं!" वरून तात्याबा ओरडे, आणि खाली हशा पिके. सर्वांत मोठ्याने हसे तो केरबाच. बनुबाईने रश्शाची हंडी उतरवली आणि वादळानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे बघून म्हणाली, "आता जेवा. लय राबलासा."

नानासो आले. त्यांनी छपराकडे बराच वेळ पाहिले. "व्याही, ह्ये घर हाय का धरणाचा बांध? दगुडच दगुड!"

"सफरमैनाचं काम हाय," केरबाच्या तोंडून सवयीने निघाले. सगळे गाव त्याच्याकडे वळले. केरबाने जीभ चावली. "म्हंजे, गावाचं. मी खिळं दिलं."

नानासोंनी गाडीतून सुनेचे गाठोडे उतरवले.

आषाढात एका दुपारी मुसळधार पाऊस पडत होता. केरबा ओसरीवर बसला होता. आत सुईण होती. पत्र्यावर पावसाचा असा ताशा वाजत होता की आतले काही ऐकू येईना. तो भिंतीला कान लावून बसला. शेवटी बनुबाईच दारात आली.

"आवं, आजा झालासा! नात हाय. बेंबीच्या देठापासनं रडतीया, ऐकू आलं न्हाई?"

केरबाने वर पाहिले. एक थेंब गळत नव्हता, एक पत्रा हलत नव्हता. तो तसाच पावसात बाहेर पडला.

"आता कुठं निघालासा?"

"तात्याबाकडं. शिडी आणतो. समद्यांचा धोंडा हाय वर, नातीचा तेवढा ऱ्हायलाय."