मंडईचं नाटक, दहाच्या आत

माझ्या थोरल्या भावाचा आवाज असा होता, की त्याने स्टेजवरून 'पोरा' म्हणून हाक मारली तर तिकडे आरमोरीच्या बाजारातली पोरं मागे वळून बघायची. मधे एक नदी आणि सगळं जंगल आहे, हेही सांगून ठेवतो. भाऊ धंद्याने टेलर. मी दुकानात बसून असलं काही सुरू केलं की मशीन न थांबवता तो गिऱ्हाइकाला म्हणायचा, "याच्या बोलण्यातलं अर्धं कापून टाका जी, मंग बराबर अंगात बसते."

दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्या गावजत्रेत, नाटक वडशाच्या कंपनीचं असायचं, पण तिसऱ्या अंकातला म्हातारा बाप आमच्या गावचाच असायचा, म्हणजे भाऊ. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो आणि बाप त्याला दारातच उभं करून बोलतो, एवढंच काम. त्या बोलण्यावर माहेरी आलेल्या लेकी इतक्या रडायच्या, की दुसऱ्या दिवशी मंडपातल्या सतरंज्या वाळत घालाव्या लागत.

यंदा भावाच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही. भावाने ऑपरेशन मंडईनंतर ठेवायला लावलं. "एक डाव बोलून घेतो," म्हणाला, आणि पुन्हा मशीनवर बसला.

ग्रामपंचायत होती तोवर नाटकाची परवानगी म्हणजे सरपंचाला पहिल्या रांगेत खुर्ची. पडदा अकराला उघडायचा आणि सकाळी सूर्य येऊन तो पाडायचा. मग गावाची नगरपंचायत झाली आणि नवे साहेब आले. यंदा गावातर्फे परवानगी काढायला मी गेलो, तर ते म्हणाले, मैदान घ्या, पण दहाला भोंगे बंद. बारापर्यंतच्या सवलतीचे दिवस वरून ठरून येतात आणि आमची मंडई त्यात नव्हती.

"साहेब, पाहुण्यांची जेवणंच दहाले आटोपतेत," मी म्हणालो.

"मग सहाला सुरू करा."

"सहाले तं म्हशी घरी येतेत जी."

"त्यांनाही बसवा पुढे."

माणूस वाईट नव्हता. मैदानाला लागून आता दवाखाना झाला आहे. तिथून तक्रार गेली होती, की बाळंतिणींना झोप लागत नाही. मी एकदा वाघाशी भांडलो आहे, तोही हात जोडून जंगलात परत गेला होता. पण बाळंतिणीशी काय भांडणार?

पोस्टरवर मोठ्या अक्षरांत छापलं, 'ठीक सहा वाजता'. ऑटोला भोंगा बांधून मी स्वतः गावोगाव ओरडत फिरलो. पण आमच्या मुलखात पोस्टरवर 'ठीक नऊ' असलं तर नाटक अकराला, हे आईच्या दुधातून येतं. प्रत्येकाने मनातल्या मनात दोन तास मिळवले. सहाला मंडपात मी, मंडपवाला आणि एक कुत्रं. कंपनीचासुद्धा पत्ता नव्हता. फोन केला तर मॅनेजर म्हणतो, "काऊन घाई करून राह्यले भाऊ? सहा म्हणजे आठ ना?"

पडदा उघडला तेव्हा साडेआठ झाले होते. मी मॅनेजरच्या हातापाया पडलो, डान्स कापा म्हणून. "डान्स कापला तं पब्लिक मले कापन," तो म्हणाला. पब्लिक एकेका गाण्याला वन्समोअर मागत होतं. विंगेत भाऊ पांढरी दाढी लावून कधीचा तयार बसला होता. मी घड्याळाकडे बघत होतो, तो माझ्याकडे बघत होता.

दुसरा अंक संपला आणि पोलीस आला. चिमूरकडचा पोरगा. कानाशी येऊन म्हणाला, "काका, तुमच्या भावाले पाहून मीबी रडलो आहे. पण भोंगे बंद करा. माह्या हातात काई नाई."

कोणाच्याच हातात काही नव्हतं. भोंगे बंद झाले.

भाऊ तरीही स्टेजवर गेला. मुलगा दारात उभा राहिला आणि बाप बोलायला लागला. त्या गळ्यातून निघालेला आवाज पहिल्या रांगेपर्यंत कसाबसा पोचला असेल. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" मग बाया पोरं उचलून चपला शोधायला लागल्या. मी मंडपाच्या टोकाला उभा होतो. तिथून फक्त दाढी हलताना दिसत होती. त्याने एकही वाक्य गाळलं नाही. सतरंज्या कोरड्याच गुंडाळल्या.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, तिच्यासोबत आवाजही गेला.

आता दुकानात कोणी विचारलं, यंदा नाटक कसं झालं, की मी सुरू होतो. भोंगा नव्हता तरी भाऊ असा बोलला, की आरमोरीचा बाजार उठला, दवाखान्यातल्या बाळंतिणी खिडकीशी येऊन रडल्या, साहेबांनी स्वतः वन्समोअर मागितला. मधे मी मुद्दाम थांबतो, त्याला कापायला जागा ठेवतो. दोन बोटांची कैची करून दाखवली तरी चालेल मला.

तो मान वर करत नाही. पायाखाली मशीन चालू राहते.