आकड्यामागचा एल

आमच्या वडशाच्या कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवणारा हा माणूस मला छळतो. हिवाळ्यात झाडीपट्टीचं नाटक बघताना, नायक मरत असला तरी तो माझ्या कानात सांगतो, "साधा आकडा लिहिला, तं भाषेनं त्याले लागन तेवढी जागा देल्ली पायजे. ज्याले कमी पायजे, त्यानं सांगावं!"

परवा प्रॅक्टिकलला मी परीक्षक होतो, मुलांचा शिक्षक म्हणून तोही तिथे होता. एका मुलीने दोन मोठ्या आकड्यांचा गुणाकार केला आणि उत्तर चक्क उणे आलं. आकड्याच्या शेवटी 'एल' हे अक्षर लावलं नाही, तर मुलं शिकतात ती प्रोग्रॅमिंगची भाषा त्याला लहान जागेत कोंबते, आणि न मावलेलं उत्तर उणेही होऊन बसतं. मुलगी नापास होणार होती.

"तिले एल लावाले सांगा ना, भाऊ," मी म्हणालो.

"मी नाई सांगत. पोरीचं बरोबर हाय, भाषा चुकली."

तत्त्वापायी पोरीचं वर्ष घालवतो की काय! वैतागून मीच नियम मोडला आणि तिला सांगितलं. उत्तर बरोबर आलं.

ती म्हणाली, "पन सर, एल काऊन लावाचा?"

"लावतेत, बाई."

तो खिडकीपाशी उभा राहून ऐकत होता. हसलासुद्धा नाही. हसला असता, तर घरी जाऊन मला जेवण गेलं असतं.