चौघांचं बुद्धिबळ

सरूबरोबर शेवटचं साधं काम केलं ते पिवळी प्यादी रंगवायचं. मी खरादी. खरादावर लाकूड फिरवायला दोरी ओढावी लागते. ती माझी बायको सरू ओढायची, पटाशी मी धरायचो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घासून लाख वितळते अन् रंग बसतो. त्या दुपारी सरू म्हणाली, "पिवळा लई भडक झालाय."

"तू दोरी बघ," मी म्हणालो. मग दोघं चहा प्यालो. त्याच आठवड्यात ती तापानं गेली.

तेरावा झाल्यावर मी डाव पोचवला. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या क्लबात चार साहेब, केमिस्ट, डॉक्टर, इंजिनियर अन् शेतकी, रविवारी बुद्धिबळाला बसायचे. दोघं खेळायचे, दोघं शेजारी बसून चुका काढायचे. त्यावरून भांडणं. म्हणून केमिस्ट साहेबांनी ऑर्डर दिली होती, चौघांना एकदम खेळता येईल असा पट करा. मी नेहमीच्या पटाला चारी बाजूंनी तीन-तीन ओळी जोडल्या. चार बाजू, चार रंगांच्या फौजा. नियम सोपा. ज्याचा राजा मेला त्याची फौज उचलायची, तो बाद. शेवटी उरेल तो जिंकला.

ट्रायल फेल गेली. तिघांनी मिळून डॉक्टरला घेरलं. चहा यायच्या आत डॉक्टर बाद.

"आता मी काय करू?" डॉक्टर म्हणाला.

"बांगलादेशाची लढाई नुकतीच संपलीय," इंजिनियर साहेब म्हणाले. "तुम्ही जखमी बघा."

डॉक्टर चप्पल घालून चालता झाला. पुढच्या खेपेला शेतकी साहेबांना तिघांनी धरलं. तेही रुसले.

केमिस्ट साहेबांनी मला बोलावलं. "मिस्त्री, काम झकास आहे. पण खेळ नाही जमला. शोकेसमध्ये ठेवून देतो."

मला ते लागलं. सरूच्या हातचं शेवटचं काम होतं ते. काचेआड ठेवायला केलं नव्हतं, खेळायला केलं होतं.

"एक रविवार द्या, साहेब."

"दिला. पण पुन्हा कुणी रुसलं तर पत्ते आणणार."

घरी ओट्यावर पट मांडला. शेजारचा बाबूभाई आला. कांदा करतो, दावणीला एकच बैल. दोन फौजा त्यानं घेतल्या, दोन मी. मी नियम बदलला, राजा मेला की त्याची फौज मारणाऱ्याला. ते तर आणखी वाईट. पहिला मारणारा डबल व्हायचा अन् सगळ्यांना खायचा.

बाबूभाई वैतागला. "लेका, राजा मेला तर बाकीच्यांनी काय केलंय? माझा दुसरा बैल मेला, मी नांगर चुलीत घातला का?"

"मग काय केलंस?"

"सावड केली की. माझा एक, पाव्हन्याचा एक."

सावड म्हणजे एकमेकांच्या कामाला जाणं. एकेक बैलवाले दोघं मिळून जोडी जमवतात. आज याचं रान, उद्या त्याचं.

"अन् ज्याच्यामुळं बैल गेला, त्याच्यासंगं करशील?"

"त्याच्या बांधाला बी जानार न्हाई!"

झालं, नियम ठरला. राजा मेला तरी फौज पटावरच राहणार. आपल्या पाळीला आपल्याच सोंगट्या चालवायच्या. पण उरलेल्या दोघांपैकी एकाशी सावड करायची, मारणाऱ्याशी नाही. तो जिंकला की दोघं जिंकले.

रविवारी मी क्लबाच्या दाराशी उभा राहिलो. पिवळी फौज डॉक्टरकडं होती. सरू म्हणाली ते खरं, भडकच दिसत होती. इंजिनियर साहेबांचा हत्ती डॉक्टरच्या राजासमोर आला अन् त्यांचा हात थांबला.

"मारा ना," डॉक्टर म्हणाला. "मी लगेच केमिस्टकडं जातो. त्याचा घोडा तुमच्या दारातच उभा आहे."

"हे ब्लॅकमेल आहे!"

"ही सावड आहे."

इंजिनियर साहेबांनी डोकं खाजवलं, इकडं तिकडं पाहिलं. शेवटी राहवलं नाही, मारलाच राजा. मग डॉक्टर अन् केमिस्ट साहेबांनी मिळून त्यांची अशी पळापळ केली की शेतकी साहेब हसून हसून खुर्चीवरून घसरले. कारखान्यात पाळी बदलायचा भोंगा झाला, कुणी उठलं नाही. शिपाई बोलवायला आला, त्यालाच चहा सांगितला.

निघताना केमिस्ट साहेब म्हणाले, "मिस्त्री, असाच एक माझ्या मेव्हण्याला पाहिजे. कधी देता?"

"दोरी ओढायला माणूस नाही, साहेब."

"मग बघा की कुणी."

एवढ्या खटाटोपातून मला एकच कळलं. हरलेल्याला रिकामं बसवू नये. त्याच्या हातात चाल ठेवली की तोही बसतो अन् खेळही टिकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिळी भाकरी चहात बुडवून खाल्ली, धोतर वर खोचलं अन् बाबूभाईच्या कांद्याला पाणी द्यायला गेलो. दुपारनंतर तो माझ्याकडं दोरी ओढायला यायचा होता.