तिसऱ्या ओळीतला श्वास

डिसेंबर उजाडला की रेडिओवर नाताळचं ते जुनं गाणं सुरू होतं आणि भावजी उठून मागच्या खोलीत जातात. गाणं संपलं की परत येतात, पेपर उचलतात, जणू काही झालंच नाही. चर्चमध्येही तेच. बाकीच्या सगळ्या गाण्यांना क्लॅरिनेट वाजवणार, आणि हे गाणं आलं की वाद्य मांडीवरून खुर्चीवर ठेवणार आणि माझ्या कानाशी येऊन सांगणार, "वहिनी, जरा सायकल बघून येतो." सायकल विकून अकरा वर्षं झाली होती.

भावजी म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. वय एकोणसत्तर. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहतात. रेडिओच्या वाद्यवृंदात उभी हयात क्लॅरिनेट वाजवलं, आता मागच्या खोलीत लोकांची वाद्यं दुरुस्त करतात. त्यांच्या टेबलावर स्क्रू, बूच, मेण आणि माझ्या जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या पट्ट्या असतात. वाजवून झालं की नळीतून अभ्र्याची पट्टी ओढून आतला ओलावा पुसायचा, हे त्यांचं रोजचं काम. वाद्याच्या तोंडाशी वेताची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. ती आधी ओली करावी लागते, म्हणून सकाळचा अर्धा तास भावजींच्या तोंडात ती रीड असते. त्या अर्ध्या तासात ते जे बोलतात ते फक्त मला कळतं.

पण गाणं लागलं की उठून का जातात, ते काही मला कळत नव्हतं. वहीत मी रोज दिवसभराचं लिहिते, कोणासाठी प्रार्थना केली तेही लिहिते. जुन्या वह्या चाळल्या तर दर डिसेंबरात एक ओळ सापडते: "भावजी आज पुन्हा उठून गेले." मी माझ्यापुरता अंदाज बांधला होता. एखादी मुलगी असणार. तिला हे गाणं आवडत असणार, आणि ती सोडून गेली असणार. ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "छे गं, थंडीत त्याचं पोट बिघडतं."

"बरोबर त्याच गाण्याला बिघडतं?"

"पोटाला काय कळतं गाणं कुठलं ते."

यंदा ऑक्टोबरात एक मुलगी क्लॅरिनेट दुरुस्तीला घेऊन आली. मुलगी म्हणजे तिशीची बाई. कापडाच्या दुकानावर तिचा छोटा स्टुडिओ आहे. वाद्य नीट झालंय का ते बघायला भावजींनी दोन मिनिटं वाजवून दाखवलं आणि ती तिथेच स्टुलावर बसली. तिला जुन्या वादकांकडून नाताळची गाणी नव्यानं वाजवून घ्यायची होती. "सर, तुम्ही ते वाजवाल?" म्हणून तिनं नेमकं तेच गाणं सांगितलं.

"ते सोडून काहीही सांगा," भावजी म्हणाले.

ती गेली. चार दिवसांनी भावजींनी आपणहून तिला फोन केला आणि हो म्हणून सांगितलं. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातला चमचा तसाच राहिला. मधल्या चार दिवसांत एकच गोष्ट घडली होती: ते डॉक्टरकडे जाऊन आले होते. तिथं एका नळीत फुंकायला लावलं होतं. जेवताना बाहेर ढग आल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं, "फुप्फुसं म्हातारी झालीत म्हणे. हा हिवाळा वाजवा, पुढच्या हिवाळ्याचं काही सांगत नाही, म्हणाले."

ह्यांनी भाताकडे बघितलं. मी भावजींकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी मटार सोलत बसले होते आणि भावजी समोर बसून शेंगा मोडून देत होते. म्हटलं आत्ताच विचारावं. "भावजी, त्या गाण्याचं काय आहे हो?"

हातातली शेंग मोडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "अडतीस वर्षांपूर्वी आमच्या वाद्यवृंदानं ते ध्वनिमुद्रित केलं. रेडिओवर लागतं ते तेच. त्यातलं क्लॅरिनेट माझं."

मी मटार खाली ठेवले. इतकी वर्षं दर नाताळात त्या गाण्यात आमच्याच घरातला माणूस वाजत होता आणि आम्हाला पत्ता नाही!

"मग उठून का जाता?"

"तिसरी ओळ लांब आहे. चौदा सेकंद. कागदावर सगळ्या सुरांवर एकच कमान काढली होती, म्हणजे सगळी ओळ एका श्वासात. सरावात मी ती रोज वाजवली. त्या दिवशी आमच्या प्रमुखांनी ऐनवेळी लय जराशी उतरवली. व्हायोलिनवाल्यांचं काय जातं? माझं गणित कोसळलं. 'मेंढपाळ' शब्दाच्या मधोमध श्वास संपला. मेंढ... मग श्वास... मग पाळ. स्टुडिओची वेळ संपत आली होती. प्रमुख म्हणाले, राहू दे, लोकांना कळत नाही."

"मग? लोकांना कुठे कळलं?"

"लोकांना नाही. वादकांना कळलं ना. दुसऱ्या दिवसापासून जो तो मला बघून म्हणायचा, 'या, या, मेंढ' आणि मग छातीवर हात ठेवून जोरात श्वास घ्यायचा, 'पाळ! चहा घेणार?' निवृत्तीच्या समारंभातसुद्धा एकानं भाषणात केलं."

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तरी खांदे हलतच होते. मग लाजही वाटली आणि खरं ते सांगून टाकलं. "भावजी, मी इतकी वर्षं तुमच्यासाठी एका मुलीचं भलं मागतेय."

"कुठली मुलगी?"

"तुम्हाला सोडून गेलेली."

"मला कोण सोडून गेलं?" भावजी खरोखरच विचारात पडले. मग म्हणाले, "असू दे. झालं असेल भलं तिचं, जी कोण असेल ती. आता मात्र माझ्यासाठी मागा. ती ओळ मला एकदा एका श्वासात वाजवायचीय. मग वाद्य पेटीत गेलं तरी चालेल."

त्या दिवसापासून आमच्या घरात सेकंद मोजणं सुरू झालं. स्वयंपाकघरातलं घड्याळ भावजींच्या टेबलावर गेलं. सकाळी ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि दातांतून हवा सोडायचे, फुग्याला भोक पडल्यासारखी. नऊ सेकंद. दहा. दहा. अकरा. हे पेपराच्या मागून आकडा विचारायचे, आणि आकडा चांगला आला की म्हणायचे, "तो डॉक्टर नवीन दिसतोय." नोव्हेंबरच्या शेवटाला भावजी बारावर पोचले आणि तिथेच अडकले. बारा म्हणजे बारा. मी सकाळच्या प्रार्थनेत दोन सेकंद मागत होते. देवाकडे इतकं थोडं मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला आम्ही दोघं त्या कापडाच्या दुकानाचे जिने चढलो. मी यावं असं भावजीच म्हणाले. पेटी त्यांच्या हातात, पाण्याची बाटली माझ्या. प्रत्येक मजल्यावर ते कापडाचे ठाण बघायला थांबत होते. कापडात त्यांना काडीचा रस नाही, पण मीही त्यांच्याबरोबर बघत राहिले.

स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि मध्ये मोठी काच. भिंतींना राखाडी स्पंज, अंडी ठेवायच्या पुठ्ठ्यासारखा उंचसखल. भावजी काचेपलीकडे उभे राहिले, मी अलीकडे रेकॉर्डिंगवालीच्या शेजारी. एका हेडफोनमध्ये तिनं मलाही ऐकायला दिलं. पहिली ओळ आली, दुसरी आली. बाई गं, घरात मागच्या खोलीच्या दारातून ऐकलेला आवाज वेगळा आणि हा वेगळा. कानाशी बसून कोणी बोलावं तसा. मग तिसरी ओळ सुरू झाली. मी बोटांच्या पेरांवर सेकंद मोजत होते. बाराव्या पेराला सूर बारीक झाला आणि फुटला.

"परत," भावजी म्हणाले.

सात वेळा झालं. सातही वेळा तिथेच. सातव्यांदा तर अकरावरच. भावजींनी वाद्य खाली केलं आणि खुर्चीवर बसले. मानेवरची शीर लांबून दिसत होती.

रेकॉर्डिंगवालीनं बटण दाबून आत सांगितलं, "सर, माझ्याकडे ओळीचा पुढचा भाग चांगला आहे, शेवटचे दोन सूर तेवढे वेगळे वाजवा. मी जोडते. एका श्वासातलंच वाटेल. कोणाच्या बापाला कळणार नाही."

मला वाटलं भावजी उसळतील. पण ते म्हणाले, "खरंच कळणार नाही?"

"नाही."

"मग करा." आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. "चालेल ना, वहिनी?"

मनात आलं, दोन सेकंद मागितले होते, ते असे मिळणार होते का? मी नुसती मान हलवली, ती हो होती की नाही ते माझं मलाच माहीत नाही.

जोडाची जागा ठरवायला तिला शब्द हवे होते. शब्दाच्या ठोक्यावर जोडलं की सांधा झाकला जातो, म्हणाली. भावजींना चेष्टेतल्या त्या 'मेंढपाळ'पलीकडे शब्द येत नव्हते. त्यांच्या कागदांवर फक्त सूर असायचे, आणि नवव्या वर्षापासून तोंडात वाद्य, तोंडानं गाणं म्हणणार कधी? शिवाय अडतीस वर्षं गाणं लागलं की ते बाहेरच. मग ती मला म्हणाली, "काकू, तुम्ही म्हणा ना. तुम्हाला तर पाठ असेल."

मला संकोच वाटला, पण म्हटलं. त्या ओळीत मेंढपाळ डोंगर उतरून येतात, गोठ्याच्या दाराशी थांबतात आणि मग वाकून बाळाला बघतात; 'मेंढपाळ' हा शब्द ओळीच्या अगदी शेवटी येतो. भांडी घासताना म्हणते तसंच म्हटलं.

मान वर केली तर भावजी काचेला नाक लावून उभे होते.

"परत म्हणा."

परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हणायला लावलं. आता ते ऐकत नव्हतेच, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"वहिनी, तुम्ही मध्ये श्वास घेतलात."

"घेतला का? चुकलं असेल बाई. मी काही शिकलेली नाही."

"कुठे घेतला?"

मी मनातल्या मनात म्हणून बघितलं. "ते दाराशी थांबतात ना, तिथे. थांबल्यावर घेणारच."

"थांबतात?" भावजी म्हणाले. "गाण्यात ते थांबतात?"

"मग काय धावत गोठ्यात शिरतील? डोंगर उतरून आलेत. आत बाळंतीण आहे."

भावजी काचेपासून मागे सरले. कागद स्टँडवरून उचलला, डोळ्यांजवळ नेला. "इथे एकच कमान आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "कमान काढणाऱ्यानं शब्द वाचलेच नव्हते की काय!" खिशातली पेन्सिल काढून त्यांनी कागदावर काहीतरी केलं. मग रेकॉर्डिंगवालीला म्हणाले, "जोडायचं राहू द्या. परत लावा."

आठव्यांदा वाजवलं ते मी मोजलं नाही. मेंढपाळ उतरत आले, अखंड, एकही पायरी न चुकता. दाराशी आले. सूर अलगद ठेवला गेला. मग हेडफोनमध्ये एक श्वास ऐकू आला, म्हाताऱ्या माणसाचा, थोडासा घरघरता, आणि पुढचे सूर इतके हळू आले की खरंच कोणीतरी वाकलंय असं वाटलं.

सगळं गाणं संपल्यावर रेकॉर्डिंगवालीनं ते पहिल्यापासून लावलं. भावजी आमच्या बाजूला येऊन बसले. तिसऱ्या ओळीला उठले नाहीत. तिनंच मध्ये थांबवलं आणि संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं. "सर, माइक जवळ होता, श्वासाचा आवाज आलाय. पुसून टाकू? एक मिनिटाचं काम आहे."

"नको," भावजी म्हणाले. "लांबून आलेत ते."