पेज संपेपर्यंत

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. थोरल्या भावाच्या आजारपणात तू फार केलंस, असं नातेवाईक म्हणत आणि मी ते गुमान ऐकून घेई.

दादाला अन्ननलिकेचा कर्करोग झाला होता. मुरबाडहून एसटीने कल्याण गाठायचं आणि तिथून पुढे मोठ्या दवाखान्यात, अशा आमच्या फेऱ्या चालत. आजार जाणार नाही, पण दुखणं आवरता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ठरलेल्या वेळांना द्यायचं एक पातळ औषध दिलं. ते द्यायचं काम माझ्याकडे होतं.

रिकाम्या पोटी औषध घ्यायचं नाही, हा आमच्याकडे आईपासूनचा नियम. म्हणून मी आधी पेजेची वाटी पुढे करी. दादा एक घोट घेई, छातीवर हात दाबून धरी आणि वाटी सारून देई. "अर्धी तरी संपव, मग देतो," मी म्हणे. दुखण्याने तो हट्टी झालाय, असं मला वाटे.

घरी येऊन रुग्ण बघणाऱ्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, औषध वेळेवर घेता ना? दादा हसला. "निवेद दाखवल्याबिगर परसाद नाय, बाई. पेज सरल्याबिगर हा बाटली उघडत नाय."

बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "काका, दुखतंय म्हणूनच त्यांना गिळवत नाही. हे औषध उपाशीपोटी चालतं. आधी औषध द्या, उतार पडला की पेज. आणि दुखायची वाट बघू नका, वेळ झाली की द्या."

तसं केलं. डॉक्टरांनी मात्राही थोडी वाढवली. दादा शांत झोपू लागला. पेजेवरून मऊ भातावर आला. पडवीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करू लागला. आजार होताच, पण त्या महिन्यांत माझा भाऊ मला परत मिळाला. असं दुखणं मुकाट सोसावं लागत नाही, हे तेव्हा कळलं.

एकदा हात धरून त्याला शेतावर नेलं. भात निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या. बांधावर बसल्यावर मी सुरुवात केली, "दादा, त्या पेजेचं..."

"आता कसली पेज? भात खातो मी," तो म्हणाला. "तुझा बांध बघ, पार वाकडा गेलाय."

मी हसलो आणि बोलणं तिथंच राहिलं. नंतर तशी वेळ आली नाही. म्हणायचं होतं ते एवढंच: दादा, तू कळवळत होतास आणि मी तुला हट्टी समजलो. मला माफ कर.