चिमूटभर सोडियम बेन्झोएट

एका मंगळवारी सकाळी आई यकृताच्या कर्करोगाने गेली. बाराव्याच्या दिवशी मी मावशीला सांगितलं, की लिंबाच्या सरबतात सोडियम बेन्झोएट घालायला आईला मीच शिकवलं होतं. बारावीत असताना कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, सरबत टिकतं म्हणून. पाच वर्षं ती ते सरबत रोज पेलाभर प्यायची.

“चिमूटभर पावडरनं माणूस जातंय व्हय गं?” वळसंगची मावशी म्हणाली. “शिकून लई शानी झालीस की.”

तरी एमएस्सीच्या प्रकल्पाला मी तोच विषय घेतला: ही पावडर पेशीतल्या डीएनएला इजा करते का? मार्केट यार्डातून कांदे आणले, कमीजास्त पावडरीच्या पाण्यावर ठेवले आणि फुटलेल्या मुळांच्या टोकांच्या स्लाइड केल्या; त्यांत तुटक्या गुणसूत्रांच्या पेशी मोजायच्या होत्या. प्रकल्पाच्या मार्गदर्शक मॅडमनी स्लाइडवरची नावं कागदाने झाकली. कोणती स्लाइड कुठली, हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नसतं. मी तर स्वतःला दोषी धरूनच बसले होते.

तीन आठवडे मोजत होते. कागद काढले तेव्हा दिसलं, की मोठ्या मात्रेत गुणसूत्रं तुटली होती. आईच्या मापाच्या पाण्यातल्या पेशी मात्र साध्या पाण्यातल्यासारख्याच होत्या.

“म्हणजे माझ्यामुळे नाही?” मी विचारलं.

“कांदा कांद्यापुरतं सांगतो,” मॅडम म्हणाल्या. “जा, आधी जेवून ये.”

त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आई कशामुळे गेली, ते मला अजून माहीत नाही. सध्या मी हाच प्रयोग माणसाच्या रक्तपेशींवर करते आहे.