एका हृदयाच्या दोन पट्ट्या

ज्या माणसाविषयी मी हे लिहिते आहे त्यांना मी कधीही पाहिले नाही. ते उंब्रजचे होते. पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये कामाला लागले. कामावर घेण्यापूर्वी त्यांच्या हृदयाची तपासणी झाल्याचा दाखला कारखान्याच्या दप्तरात होता. पण दाखल्यावरचे हृदय दुसऱ्याच माणसाचे होते. त्यांचे स्वतःचे हृदय कुणी तपासलेलेच नव्हते. ही गोष्ट त्यांच्या मृत्यूपूर्वी एकोणीस दिवस मला कळलेली होती.

मी तेव्हा सांगलीत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर वर्गात शिकत होते. निरोगी हृदयाचे विद्युत संकेत माणसागणिक किती बदलतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि विभागप्रमुखांनी विषय देताना 'हा जरा नाजूक आहे, तुम्हाला जमेल,' असे म्हटले होते. त्या वाक्याचे उत्तर आकड्यांनी द्यायचे, असे मी ठरवले.

काम नाजूक नव्हते, कंटाळवाणे होते. कार्डिओग्राफची तापलेली सुई कागदाच्या अरुंद पट्टीवर एक रेघ उमटवत जाते. प्रत्येक ठोक्याला आधी लहान उंचवटा, मग उभा टोकदार सुळका, मग एक रुंद टेकाड. कागदावर एक मिलिमीटरचे चौकोन छापलेले असतात. मी भिंग आणि कर्कटक घेऊन त्या उंचवट्यांची रुंदी, उंची आणि त्यांच्यामधली अंतरे मोजत असे. पुण्यामुंबईला संगणक आहेत असे आम्ही ऐकून होतो. सांगलीत माझ्याकडे स्लाइडरूल होती आणि बरेचसे दिवस होते.

पट्ट्या दोन ठिकाणांहून मिळत. सांगलीतले एक डॉक्टर कारखान्याच्या नव्या कामगारांना तपासून दाखले देत. निरोगी ठरलेल्यांच्या पट्टीचा एक तुकडा ते मला देत. पाठीमागे नाव आणि गाव लिहिलेले असे. शिवाय महिन्यातून एखाद्या रविवारी ते आपले यंत्र मला नेऊ देत. ते उचलताना खांदा निखळेल असे वाटे, पण मी ते एसटीतून कऱ्हाड, उंब्रज, रहिमतपूर असे फिरवले.

उंब्रजला शाळेच्या एका खोलीत मी वीसेक पुरुषांचे आलेख काढले. शेजारच्या पिठाच्या गिरणीमुळे विजेच्या तारेत थरथर येई आणि रेघ दातेरी उमटे, म्हणून तासभर गिरणी बंद ठेवायला लावली. दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका खिडकीशी उभ्या राहून माझा उद्धार करत होत्या. आत पुरुष शर्टाच्या गुंड्या काढायला तयार नव्हते.

"आरं, बाईम्होरं छाती उघडी करायला लाजतूस, आन् तमाशाला पयल्या बाकावर बसतूस व्हय रं?" मागून कुणीतरी म्हणाले. खोली हसली.

तेव्हा तिशीतला एक धिप्पाड शेतकरी पुढे आला, बाकावर आडवा झाला आणि मी न सांगता दोन्ही मनगटे व घोटे उघडे करून ठेवले. "आत काय दिसतंय सांगा बाई," तो म्हणाला. "ऊस हाय का नुसती बाभळ?"

"तुम्हाला सवय दिसते," मी म्हटले.

"थोरला पलटणीत व्हता माझा. त्येनं सांगितलंय समदं."

मी त्याचे नाव पट्टीमागे लिहिले आणि पुढच्याला बोलावले.

या कामाला समांतर माझे दुसरे एक काम चालू होते, आणि खरे तर प्रबंधातली सर्वांत चांगली कल्पना तिथून आली. साताऱ्यात आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. एका घराण्याच्या जुन्या बखरीवर त्यांनी आयुष्याची दहा वर्षे घातली होती. बखरीचा शेवटचा तिसरा हिस्सा मूळ लेखकाचा नाही, असे त्यांचे म्हणणे. आणि ते सिद्ध करण्यासाठी ते लढायांच्या वर्णनांकडे पाहत नसत, तर बारीकसारीक शब्द मोजत. 'मग' किती वेळा, 'परंतु' किती वेळा, 'ऐसे' वाक्याच्या आधी की नंतर. त्यांची नजर अधू झाल्यावर शनिवारी घरी आले की मी ते मोजून देत असे.

"पोरी, लेखक मोठे शब्द सजवतो, दुसऱ्याचे उचलतो," ते म्हणत. "'मग' कोण सजवतं? तो आपसूक पडतो. माणूस तिथं सापडतो."

एका शनिवारी परतताना बसमध्ये मला वाटले की हेच हृदयाला लावून पाहावे. डॉक्टर सुळक्याची उंची पाहतात, कारण रोग तिथे दिसतो. पण सुळक्याच्या उतारावरची बारीक खाच, टेकाडाच्या शेवटचा किंचितसा कल, यांच्याकडे कुणी पाहत नाही, कारण त्यांना वैद्यकीय अर्थ नाही. त्या जर माणसागणिक ठरलेल्या असतील, तर पट्टीवरून माणूस ओळखता येईल. मी नऊ बारीक खुणा निवडल्या, सगळ्या पट्ट्या नाव न पाहता पुन्हा मोजल्या आणि ज्यांची मापे जुळतात त्या जवळजवळ ठेवत गेले. ज्यांच्या मी दोन-दोन पट्ट्या घेतल्या होत्या, त्या बहुतेक शेजारी शेजारी आल्या. मला इतका आनंद झाला की मी खानावळीत जायचे विसरले.

एक जोडी मात्र चुकीची आली. दोन्ही पट्ट्यांत उतारावर तीच खाच, टेकाडाला तोच कल. नऊच्या नऊ मापे जुळत होती. उलटून पाहिले तर नावे वेगळी. आडनाव आणि गाव एकच. एक पट्टी उंब्रजच्या त्या धिप्पाड शेतकऱ्याची, मी काढलेली. दुसरी त्याच्या थोरल्या भावाची, कारखान्याच्या दाखल्यासाठी डॉक्टरांकडे काढलेली आणि तारखेने माझ्या उंब्रजच्या फेरीपेक्षा जुनी.

दिवाळी नुकतीच झाली होती आणि कारखान्याची धुराडी पेटली होती. या जोडीचा अर्थ एकाच दिशेने जात होता: डॉक्टरांच्या तपासणीला थोरल्याच्या नावावर धाकटा झोपला होता. आणि ज्याला आपली छाती दाखवायची भीती वाटते तोच भावाला पाठवतो. मी वहीत लिहिले, 'पद्धतीने नाव खोटे ठरवले. अत्यंत आशादायक.' थोरल्याचे हृदय मग कुणी पाहिले, हे वाक्य मी लिहिले नाही.

शनिवारी मी पट्ट्या घेऊन मास्तरांकडे गेले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. मग त्यांच्या सवयीने हरकत काढली.

"सख्खे भाऊ ना हे? एका घरात वाढलेल्यांचे 'मग' सारखेच पडतात. बापलेकांनी लिहिलेली पोथी वेगळी करताना मी दोनदा फसलोय. तुझी हृदयंसुद्धा घराण्याची असतील."

"मग काय करू?"

"थोरल्याची पट्टी स्वतः काढ. तोवर कुणापाशी बोलू नकोस. अर्धवट पुराव्यानं माणसाला लबाड ठरवायचं नसतं."

सल्ला शास्त्रीय होता आणि मला सोयीचाही. यंत्र त्या महिन्यात मोकळे नव्हते. पुण्याच्या परिषदेसाठी सारांश पाठवायची मुदत जवळ आली होती. मी आधी तक्ते पूर्ण केले, सारांश टाइप करून घेतला, विभागप्रमुखांची सही घेतली, तो रजिस्टरने पाठवला. डॉक्टरांकडे या काळात मी चार वेळा गेले. चारही वेळा पट्ट्या घेतल्या, आभार मानले आणि बाहेर पडले.

यंत्र मिळाले त्या रविवारी मी उंब्रजला उतरले आणि शाळेत निरोप दिला. धाकटा आला तेव्हा त्याचे मुंडण झालेले होते. डोक्याची कातडी उन्हात पांढुरकी दिसत होती. तो यंत्राकडे पाहत उभा राहिला.

"आता कुणाची काढताय, बाई?"

"तुमच्या थोरल्या भावांची काढायची होती."

"त्यो गेला. परवा धावं झालं."

मी बसले. तो खालीच, दाराशी उकिडवा बसला आणि सांगू लागला. मी विचारले म्हणून नव्हे, कुणाला तरी सांगायचेच होते म्हणून.

"भट्टीत चिपाड ढकलत व्हता. मधीच खाली बसला. बरूबरची म्हणली, दम लागला आसंल, बसू द्या जरा. पाणी आणलं तवर मान टाकली व्हती."

"दाखल्याची पट्टी तुमची होती ना?"

त्याने नजर चुकवली नाही. "व्हय. मीच झोपलो तितं त्येच्या नावानं. पलटणीतनं आला तवापास्नं चढ चढला की छातीत कळ यायची त्येच्या. म्हणला, घरात बसून काय करू, दोन पोरी उजवायच्या हायत. तू बैलावानी हायस, तू जा."

"पण नंतर तरी दाखवायचे डॉक्टरांना."

"आवं, तेच तर सांगतूय. कागुद चांगला आला न्हवं? त्यो कागुद त्येनं वैनीला दावला. पावन्यारावळ्यांस्नी दावला. मी म्हणलं, दादा, ती माजी छाती हाय रं. तर म्हणतो कसा, एका आईच्या पोटचं आपुन, तुजं चांगलं तर माजं का वाईट आसंल? चार म्हैन्यानं त्येचं त्यालाच खरं वाटाया लागलं. कळ आली की म्हणायचा, पित्त झालंय, हार्ट माजं पास हाय." तो थांबला. "मलाबी वाटलं तसंच, बाई. रगत तर एकच की."

मास्तरांनी घेतलेली हरकत हीच होती. ती मी शास्त्रशुद्ध म्हणून जपली होती.

"तुमाला कसं कळलं पर?" त्याने विचारले. "डागदरला न्हाई कळलं."

"दोन्ही पट्ट्या मोजून."

"कवा?"

'आत्ताच' म्हणता आले असते. "गेल्या महिन्यात," मी म्हटले. "दिवाळी झाल्यावर."

त्याने बोटांवर काहीतरी मोजले आणि मोजणे अर्ध्यावर सोडले. आवाज चढला नाही. "मग येक कारड टाकायचं व्हतं की, बाई. 'तुजी लबाडी कळली' येवडं जरी लिवलं आसतं, तरी त्यो भेला आसता. पलटणीचा गडी. लबाडी उघडी पडंल म्हणून काम सोडून घरला आला आसता."

मी यंत्राचे झाकण लावले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "वैनीला न्हाई ठावं ह्यातलं. सांगू नगासा. तिला वाटतंय, चांगला धडधाकट व्हता, दिष्ट लागली."

परतताना यंत्र त्याने खांद्यावर घेतले. मी नको म्हटले, तर म्हणाला, "तुमी का वढताय? आमी हाय न्हवं." हमरस्त्यापर्यंत तो पुढे आणि मी मागे, असे चाललो. गाडी आली तेव्हा त्याने कंडक्टरला बजावले, "दमानं ठिवा, दवाखान्याचं हाय."

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सर्व सांगितले. त्यांनी बेसिनपाशी जाऊन हात धुतले, टॉवेलने पुसले, पुन्हा धुतले.

"दिवाळीनंतर तुम्ही इथं येत होतात."

"मला खात्री नव्हती."

"खात्री मी करायची असते," ते म्हणाले. "तुम्ही फक्त शंका घेऊन यायचं. एका निरोपावर मी त्याला परत बोलावला असता. तो भाऊ आहे की चुलता, हे मला त्याचं तोंड बघून कळलं असतं." मग, आपण मोठ्याने बोललो हे जाणवून, त्यांनी कंपाउंडरला पुढचा रोगी पाठवायला सांगितले. त्यानंतर ते प्रत्येक दाखल्याला फोटो लावून घेत. मला पट्ट्या देणे त्यांनी बंद केले नाही. नुसते टेबलाच्या कडेला ठेवून देत.

मास्तरांना मी सांगितले नाही. त्यांची दृष्टी जात चालली होती, आणि त्यांचा सल्ला चुकीचा नव्हता; तो कागदांसाठी दिलेला होता. बखरीचा लेखक दोनशे वर्षांपूर्वी मेलेला. तिथे कितीही थांबता येते.

सारांश स्वीकारला गेला. पुण्याला जाऊ नये असे एकदा मनात आले, एकदाच. मी गेले. पडद्यावर त्या दोन पट्ट्या एकाखाली एक लावल्या, नावांऐवजी क्रमांक घातले आणि खाच काठीने दाखवली. निबंध चांगला झाला. पहिल्या रांगेतले एक वयस्क प्राध्यापक उभे राहिले.

"हे दोघे सख्खे भाऊ असल्याचं तुम्ही म्हणता. साम्य आनुवंशिक नाही कशावरून? थोरल्याचा स्वतंत्र आलेख घेतला का?"

"नाही. घेण्यापूर्वी त्यांचे निधन झाले."

"मग दोन्ही पट्ट्या एकाच हृदयाच्या, हे इतक्या ठामपणे कसं सांगता?"

"धाकट्या भावाने ते मला स्वतः सांगितले. मी विचारले."

"असं! बाई, नुसतं विचारून कळणार होतं, तर इतकं मोजलंत कशाला?"

सभागृह हसले. त्यात वाईट हेतू नव्हता. दुपारची वेळ होती, लोक कंटाळले होते. मीही हसले, आणि पुढचा तक्ता लावायला सांगितला.